शेवटचं काज

"कुणाच्या हुकुमानं?"

ती कशालाही असं विचारायची. नळाला दोन दिवस पाणी नाही म्हटलं, की कुणाच्या हुकुमानं? बसचा नंबर बदलला, कुणाच्या हुकुमानं? मी आमटीत गूळ जास्त घातला, तरी मान एका बाजूला टाकून, उजवी भुवई वर चढवून, "अक्का, हा गूळ कुणाच्या हुकुमानं गे?" कॉलेजातल्या सरांनाही ती असंच विचारत असणार. ते काय उत्तर देत असतील कोण जाणे. मी म्हणायची, "माझ्या. गप जेव."

मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण लिहायला बसलं की समोर कुणी तरी बसलंय असं वाटतंच, म्हणून तुम्हाला सांगतेय असं धरून लिहिते. अशी प्रश्न विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक मोठी झाली की थांबतात. ही थांबेल असं वाटत नव्हतं.

बंगळूरात हलसूरला आमचं दोन खोल्यांचं घर. यजमान गेल्यावर गच्चीवरची खोली मी तिला दिली. बेळगावकडच्या एका खेड्यातली पोर, इथे राज्यशास्त्र शिकायला आलेली. मी इंदिरानगरातल्या एका शिंप्याच्या दुकानाचं काज-बटणाचं काम घरी आणायची. त्या बाजूला लष्करातली माणसं पुष्कळ, म्हणून दुकानात वर्दीचंच काम जास्त. दुपारी मी व्हरांड्यात काजं घालत बसले, की ती वही घेऊन खाली यायची आणि कॉलेजात इंग्रजीत लिहिलेलं मला मराठीत करून सांगायची.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणायची.

"तुला कळलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून तर सांगतेय."

एकदा तिनं विचारलं, तुम्ही मराठी माणसं इतक्या लांब कशी आलात? मी म्हटलं, साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर आलो म्हणे, लढाईला. झालंच, भुवई वर. "कुणाच्या हुकुमानं?"

"ते आमच्या घरात कुणालाच आठवत नाही," मी म्हटलं. "हुकूम करणारा गेला. आम्ही राहिलो."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ. माझे कान तापले.

आता काजाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या दुकानाची एक जुनी रीत होती. वर्दीच्या शर्टाची बाकी काजं घालायची, पण गळ्याजवळचं शेवटचं काज कापायचं नाही. घालणारा येऊन, शर्ट अंगात चढवून उभा राहिला की मग ते कापायचं. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक. ते सांगायचे, गळा नीट बसतो. पण त्यांचे वडील वेगळं सांगायचे. पुरा झालेला कपडा माणसाची वाट बघत नाही, अपुरा कपडा बघतो. लढाईवर जाणाऱ्याचा कपडा तर अपुराच ठेवावा. बटण चुकलं तर उसवता येतं. काज एकदा कापलं की कापलं.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिचा मोठा भाऊ आला. फौजेत होता, कसल्याशा शिक्षणासाठी बंगळूरला महिनाभर होता. मीच त्याला मास्तरांकडे पाठवलं, त्यानं वर्दीचं माप दिलं. गळा पंधरा, छाती अडतीस. दोनच दिवसांत निरोप आला की सगळं सोडून पलटणीत हजर व्हा. वर कारगिलला लढाई सुरू झाली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दोघांना व्हरांड्यात जेवायला वाढलं. तो म्हणाला, "उद्या जायचं. वर चढायचंय."

"कुणाच्या हुकुमानं?" ती म्हणाली.

तो आधी हसला. "सरकारच्या. आणि कुणाच्या?"

"सरकारातला कोण येणार हाय तुझ्यासंगट वर?"

"ते विचारायचं माझं काम नव्हे. माणसं येऊन बसल्यात डोंगरावर, त्यांना खाली उतरवायचं. तू पुस्तकं वाच. देश आम्ही बघतो."

"तू कुठला देश बघालास दादा? तू नुसतं हत्यार हाईस. धरणारा हात दुसऱ्याचा."

त्याचा घास तसाच हातात राहिला. मग त्यानं तो खाल्ला, पाणी प्यायला आणि उठला. मला म्हणाला, "जेवण छान झालं, अक्का." तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनावर गेली नाही. अकराच्या सुमाराला खाली येऊन मला विचारलं, "गाडी गेली असणार, न्हवं?"

मी मान हलवली. तेव्हापासून तिला एकच धास्ती होती. आपण त्याला म्हटलेला शेवटचा शब्द 'हत्यार' हा राहू नये. कितीदा पत्र लिहायला बसायची आणि फाडायची. केरात निळे तुकडे दिसायचे.

त्याच दिवसांत तिच्या कॉलेजात बक्षिसाचा निबंध होता. युद्ध, सत्ता आणि देशासाठी आपलं कर्तव्य. लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचाही. ती रोज एक तुकडा लिहून मला ऐकवायची. "राज्य करणाऱ्याला डोंगर नकाशावर बोटाएवढा दिसतो. चढणाऱ्याला तो डोंगराएवढाच असतो. म्हणून नकाशा बघणाऱ्याला विचारत राहणं, हे खाली राहिलेल्यांचं कर्तव्य आहे."

मला ते पटलं. पण तिला स्वतःशीच भांडायची खोड. वही मिटून म्हणाली, "आणि समोरचा आधीच येऊन बसला असला तर गे अक्का? मग विचारत बसायचं की चढायचं? दादाचंही खरं हाय की. त्याचं आणि माझं, दोन्ही एका कागदावर कसं लिहू?"

मी विचार करत राहिले. दुकानात त्या दिवसांत कामाची घाई होती, मास्तरांनी मोठं गाठोडं पाठवलं होतं. हात आपला चालत होता. काज कापायचं, दोरा फिरवायचा, गाठ मारायची, पुढचं. दोरा दातांनी तोडला तेव्हा पाहिलं, गळ्याजवळचं काज घालून झालं होतं. शर्टाला टाचलेली चिठ्ठी उलटून बघितली. गळा पंधरा, छाती अडतीस. तिच्या भावाचा शर्ट.

तिनं विचारलं, "काय झालं गे?"

"सुई टोचली," मी म्हटलं.

तो शर्ट मी ट्रंकेत तळाशी ठेवला. मास्तरांना सांगितलं, राहिलाय अजून. मी अडाणी बाई, मनात म्हटलं, असं काही नसतं. पण रेडिओवर बातम्या लागल्या की मी सुई खाली ठेवायची. त्याचं पत्र नव्हतं. एक आठवडा, दुसरा, तिसरा. पोस्टमन आमच्या दारावरून पुढे जाताना ती मुद्दाम वहीत बघायची.

त्या आठवड्यात नळाला तीन दिवस पाणी आलं नाही. मी तिला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि बादली घेऊन कोपऱ्यावर गेली.

कुणाच्या हुकुमानं, हे तिनं विचारलं नाही. ते मला सहन झालं नाही. ती भरली बादली घेऊन आली तेव्हा मी शर्ट काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं एकदम मी कधी बोलले नसेन.

ती त्या काजाकडे बघत राहिली. बोटानं त्याची कड चाचपली. मला वाटलं, आता हिला माझं तोंडही नको होईल.

"अक्का, हे कुणाच्या हुकुमानं कापलंस?"

"कुणाच्याच नाही गं. तू वाचत होतीस, हात चालत गेला."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "तीन आठवडे हे घेऊन बसलीस? एवढ्याशा भोकापायी? अगं, गोळी काय तुझं काज बघून सुटते?" मग डोळे पुसून म्हणाली, "मी त्याला हत्यार म्हटलं, ते घेऊन मी बसले. तू हे घेऊन बसलीस. आणि ज्यांनी हुकूम दिले, इकडच्यांनी, तिकडच्यांनी, ते काय घेऊन बसले असतील गे?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "त्यांना पण एकेक वर्दी द्यावी काजं घालायला. घालणाऱ्याच्या मापाची चिठ्ठी टाचून. गळा पंधरा, छाती अडतीस. सगळी काजं हातानं घालावीत, आणि मग द्यायचाच असेल तर द्यावा हुकूम."

ती उठली. मग जिन्यावरून धावत वर गेली आणि वही घेऊन आली. "परत सांग. स्वल्प सावकाश." 'स्वल्प' हा इथला कन्नड, माझ्या तोंडचा शब्द तिनं उचलला होता.

त्या दुपारी तिनं भावाला पत्र लिहिलं आणि फाडलं नाही. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पेटीत टाकून आल्यावर तीच म्हणाली, "शेवटी एवढंच विचारलं, की गळ्याचं माप तेच हाय का, का वाळलास."

कॉलेजात ती वाचणार त्या दिवशी मला बळेच घेऊन गेली. मी सगळ्यात मागे, दाराशी बसले. सरांनी तिला सांगितलं होतं, दिवस नाजूक आहेत, दोन परिच्छेद गाळलेस तर बरं. तिनं गाळले नाहीत. मला कळावं म्हणून वाचलंही इंग्रजी सोडून कन्नडात. देशासाठी चढणाऱ्याचं कर्तव्य तिनं आधी सांगितलं, अगदी भावाच्या तोंडचं वाटावं असं. मग म्हणाली, हुकूम देणाऱ्याचंही एक कर्तव्य आहे. चढणाऱ्याच्या गळ्याचं माप त्याला ठाऊक असलं पाहिजे.

मध्येच कुणी तरी ओरडलं, "हे बोलायची ही वेळ आहे का?"

ती थांबली. कागद खाली ठेवला. "माझा भाऊ वर आहे," म्हणाली. "माझ्यासाठी हीच वेळ आहे." आणि पुढचं वाचलं.

बसमध्ये मी विचारलं, "बक्षीस?"

"नाही मिळालं."

"कुणाच्या हुकुमानं?" मी म्हटलं. शेजारची बाई वळून बघेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

पत्र आलं ते पंधरा दिवसांनी. पाकिटावरचं अक्षर परक्याचं होतं. ते बघूनच ती पायरीवर बसली, फोडेना. मीच फोडलं आणि वाचलं, जमलं तसं. इस्पितळातून दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं. दोनच ओळी. गळा पंधराच आहे. येतो.

आता ती इथे नाही. शिक्षण संपल्यावर आपल्याच भागातल्या एका शाळेत शिकवायला गेली. दसऱ्याला पत्र येतं, त्यात मुलांचे प्रश्न असतात. वरच्या खोलीत एक बँकेतली मुलगी राहते. शहाणी आहे, नळाला पाणी नसलं तर नसतं म्हणते. मी अजून शेवटचं काज कापत नाही. तिनं इतकं समजावूनही नाही. माझ्या हातातून गेलेल्या कपड्याची जबाबदारी कुणी तरी घ्यायला हवी, एवढंच मला त्यातून कळलं.

पण तिची म्हणून जी आठवण मला ठेवायची आहे, ती त्याच वर्षीचा पावसाळा सरल्यावरची. तिचा भाऊ आमच्या व्हरांड्यात उभा होता. वाळला होता. उजव्या हाताची दोन बोटं वरच्या थंडीनं गेली होती आणि अंगठा नीट वळत नव्हता. मी ट्रंकेतून शर्ट काढून दिला. त्यानं तो अंगात चढवला. खालची बटणं कशीबशी लावली. माझी नवी काजं घट्ट असतात. गळ्याचं बटण काही जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा निसटलं. मी बघू का नको अशी उभी. तो आमच्या दोघींकडे पाठ करायला लागला.

तेव्हा ती पुढे झाली आणि त्याची कॉलर धरली.

त्यानं खाली, तिच्याकडे बघितलं. अगदी तिच्यासारखी मान तिरकी करून म्हणाला, "कुणाच्या हुकुमानं गे?"

"माझ्या," ती म्हणाली. "हनुवटी वर कर."

आणि त्यानं वर केली.