टेकडीचं इन्स्पेक्शन

धम्मानंद गजभियेंना कुणी "झाडं छान आहेत" म्हटलं, की त्या दिवशी त्यांना जेवण नसलं तरी चालायचं. नागपूरच्या एका कारखान्याचा बगिचा सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मोठे साहेब यायचे असले की आदल्या दिवशी खोडांना चुना-गेरूचे पट्टे, वाळलेलं उपटून गायब आणि रिकाम्या जागी हिरव्यागार कुंड्या! इन्स्पेक्शनला एक पिवळं पान दिसलं तरी आपलं नाक कापलं गेलं असं त्यांना वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची, याच हिशेबाने ते वागत आले.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको नंदिनी पारशिवनीजवळच्या आपल्या गावी राहायला आले. गावामागची टेकडी पार बोडकी झाली होती, नुसता मुरूम उघडा पडलेला. धम्मानंदांनी तिच्यावर करंज, बेहडा, मोह लावले. पावसाळ्यात सगळं टवटवीत दिसे. उन्हाळ्यात मात्र म्हातारा सायकलला कॅन बांधून पाणी वाहणार तरी किती? निम्मी रोपं वाळून गेली होती आणि उरलेलीही माना टाकायला लागली होती.

अशात नागपूरच्या एका संस्थेतली मयुरी नावाची मुलगी गावात येणार असल्याचं कळलं. जंगल पुन्हा उभं करता येईल अशा जागा ती नकाशावर आणत होती. उपग्रहाच्या फोटोत टेकडी सापडली होती, आता डोळ्यांनी पाहून नक्की करायचं होतं. नकाशात आलेल्या जागेला कुंपण, पाण्याची टाकी आणि राखणदार मिळणार होता. धम्मानंदांना एवढंच हवं होतं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती येणार त्या दिवशी पहाटेच त्यांनी गावातल्या मोठ्या करंजाच्या फांद्या तोडल्या, मेलेल्या रोपांच्या खड्ड्यांत रोवल्या आणि वरून पाणी शिंपडलं. जगलेल्या झाडांना चुना-गेरू लागला.

"अवो, हे काय करून राहिले तुमी?" नंदिनीने कपाळाला हात लावला.

"इन्स्पेक्शन हाये वं. तिले काय वाळके खड्डे दाखवू?"

उन्हं चढायच्या आत मयुरी आली. ओळीओळीने फिरली, फोटो काढले आणि खूश होऊन म्हणाली, "काका, कमाल केली तुम्ही! एकही झाड गेलेलं नाही."

धम्मानंदांची छाती फुगली. "जय भीम ताई, तुमी आले, पाह्यलं, बस झालं!"

"मग ही टेकडी मी नकाशातून काढते. हिला आता मदतीची गरज नाही. तिकडे तलावाकडचा उतार अगदी उघडा आहे, तो घेते."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता धम्मानंदांनी. गप्प बसावं तर अब्रू राहत होती, पण वैशाखात टेकडी हातची जात होती. मयुरी जीपकडे वळली, तशी नंदिनी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"थांबा ताई!"

ते वाकले आणि जवळची फांदी उपटली. ती अलगद हातात आली. खाली मूळ नव्हतं, विळ्याचा तिरपा घाव होता.

"हे मेलं हाये," ते म्हणाले. मग पुढची उपटली. "हे बी." एकेक करून ते पूर्ण ओळ उपटत गेले. नोकरीत कधी कुठल्या साहेबाला न दाखवलेलं वाळकं रान आज ते स्वतःच्या हाताने उघडं करत होते. मयुरी रागावेल म्हणून त्यांनी वर पाहिलंच नाही.

ती रागावली नाही. मागून चालत एकेक रिकामा खड्डा आपल्या फोनमधल्या नकाशावर नोंदवत राहिली.

"काका, पाणी पुरलं नाही का?"

एवढ्यावर म्हाताऱ्याचा बांध फुटला. फांद्यांचा भारा छातीशी धरून ते मुरमावर मटकन बसले.

"लय जीव लावला वं पोरी," ते म्हणाले, "पण आता मले एकट्याले नाई जमून राह्यलं."