परसातला नळ

पाणीपट्टीच्या वाढलेल्या आकड्यापेक्षा गुणमालाबाईंना लाजच जास्त टोचली. आईच्या हाताखाली त्या पाणी गाळायला शिकल्या होत्या. फडक्यातले जीव परत विहिरीत सोडल्याशिवाय आई न्याहारीला बसू द्यायची नाही. अडुसष्टाव्या वर्षीही तांदळाचं धुवण त्या कढीपत्त्याला घालत. आणि बिल म्हणत होतं, या घरात तिप्पट पाणी वापरलं.

सांगलीतल्या त्या घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांचे यजमान धरणेंद्र. धरणेंद्रांनी कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलं होतं. नुसतं बोट फिरवून आटे ओळखणारा माणूस. नळ ठिबकायच्या आधीच त्याचं वायसर बदललेलं असायचं. गेल्या माघात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची पकड तेवढी परत आली नाही. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत, हाताला तेलही लावू देत नसत.

बाईंनी धुळाला बोलावलं. तो मूळचा म्हसवडचा, नळकाम करणारा. त्यानं घरातले सगळे नळ बंद करून बाईंना मीटरसमोर बसवलं. तासभर चक्री हलली नाही. मग फ्लशच्या टाकीत हळद टाकून बघितली. खाली भांड्यात पिवळेपणा उतरला नाही.

"आक्का, गळती कुठंच न्हाई," तो म्हणाला. "एखादा नळ चालू राहत असंल."

बाईंना ते लागलं. पलीकडे खाटेवर धरणेंद्र पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

दोन दिवसांनी बाई जैन बस्तीतून देवाचं दर्शन घेऊन नेहमीपेक्षा लवकर परतल्या आणि मागच्या दारानं आल्या. परसात धरणेंद्र नळाला टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी पिळत होते. धार बारीक व्हायची, थांबायची नाही. शेवटी दमून ते धुण्याच्या दगडावर बसले. बादली केव्हाच भरून वाहत होती. बाईंच्या लक्षात आलं, रोज बस्तीतून आल्यावर पाय धुताना आपल्याला हा नळ ढिला सापडायचा आणि आपणच तसा ठेवला असेल असं समजून आपण तो घट्ट करायचो.

त्या आल्या पावली मागं फिरल्या. पुढच्या दारी येऊन त्यांनी चपला जरा जोरातच काढल्या.

दुसऱ्या दिवशी धुळा दांडीचे नळ घेऊन आला. मनगटानं ढकललं तरी बंद होणारे. जुन्यांचे आटे झिजलेत, असं धरणेंद्रआण्णांना सांग, हे बाईंनी त्याला आधीच पढवलं होतं. त्यानं तसंच सांगितलं. धरणेंद्रांनी काढलेला नळ डाव्या हातात घेतला आणि आट्यांवरून अंगठा फिरवला.

"आटे झिजल्यालं न्हाईत," ते म्हणाले.

धुळा मान खाली घालून नव्या नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत राहिला. धरणेंद्र धुण्याच्या दगडावर टेकले.

"उलटी गुंडाळतोयस गड्या. आण हिकडं."

नवा नळ बाईंनी धरला, टेप धरणेंद्रांनी डाव्या हातानं गुंडाळली. वेळ लागला, पण धुळानं घाई केली नाही.

तो गेल्यावर धरणेंद्रांनी मनगटानं नळ दोनदा उघडून बंद केला. मग बाईंकडे न बघता म्हणाले, "तुला सांगायला पायजे हुतं."

"मला तरी कुठं इचारता आलं?" बाई म्हणाल्या.

पुढचं बिल पूर्वीसारखं आलं. तोवर रोज जेवण झालं की धरणेंद्र आपणहून बाईंजवळ येऊन बसू लागले होते, उजवी बाही वर करून. बाई वाटीत तेल कोमट करून आणत आणि एकेक बोट चोळत बसत.