चिठ्ठीत निघालेला ओटा

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात तिथे अर्थशास्त्राची कार्यशाळा भरली. विषय भारदस्त होता: बाजाराची व्यवस्था कशी आखावी. पुण्याहून मोठे प्राध्यापक आले होते. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात नुकतीच लागलेली, निबंध वाचायला मिळाला याचंच मला अप्रूप.

माझं म्हणणं साधं होतं. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात आठवडी बाजाराचे मधले ओटे ठरावीक घरांचे आणि आम्हा बौद्धांच्या बायका वर्षानुवर्षं नालीच्या कडेला. वाडीतली वांगी घेऊन माझी आईही त्यांच्यातच बसायची. जागा चिठ्ठ्या टाकून वाटा, म्हणजे धंदा सगळ्यांना सारखा मिळेल, असं मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. प्राध्यापक खूश. तुमच्याच गावात एकदा करून बघू, म्हणाले. सोबत जिल्ह्याचे साहेब असल्यामुळे सरपंचांनीही मान डोलावली.

आईच्या चिठ्ठीत चिंचेखालचा ओटा निघाला. तिनं तो आधी पदरानं झाडला, मग वांगी मांडली. इतकी ताठ बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. त्या ओट्यावरचा नेहमीचा भाजीवाला नालीकडे गेला आणि त्याचं गिऱ्हाईक मुकाट त्याच्यामागे गेलं. धोतरं वर खोचून, लुगडी सावरत माणसं चिखलात उभी राहून वांगी घेत होती. आईपुढून सगळे जात होते, थांबत कोणी नव्हतं.

"फारच बोलकं निरीक्षण," प्राध्यापक म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपार कलली तसं त्यांनाही राहवेना. पाकीट काढून म्हणाले, "मावशी, सगळी टोपली द्या मला."

"काऊन भाऊ? जीपमधी पंगत बसवता का? एका जेवनापुरते न्या," आई म्हणाली आणि तेवढीच तोलून दिली.

घरी जाताना मी तिला सांगितलं, पुढच्या बाजाराला चिठ्ठ्या नाहीत, जुनीच जागा.

"चिठ्ठी तुह्या साहेबायची होती. मले तं तो ओटा पसंत पडला."

पुढच्या बाजारी ती सगळ्यांच्या आधी जाऊन तिथेच बसली. मी भांडणाच्या तयारीनं शेजारी उभी. भाजीवाला आला. "बाई, हा ओटा माहा होय," म्हणाला.

आईनं आपली टोपली बाजूला सरकवली. "बस ना भाऊ. अर्धा तुहा."

डोक्यावरची टोपली न उतरवता त्यानं त्या अर्ध्या जागेकडे पाहिलं. आजूबाजूची माणसं बघत होती. मग तो आपणहून नालीकडे निघून गेला. मला रडू आलं. मी त्या मोकळ्या अर्ध्या ओट्यावर टेकले.

"उठ तिथून," आई म्हणाली. "आला तं कुठी बसन तो?"