संध्याकाळी संपावर जाणारा लोहार

"भाऊ, ही घड्याळं आमच्या हातात चालतात. फक्त बाबूजींच्या हातात चालत नाहीत," प्रकाशशेठ म्हणाले आणि त्यांनी दोन घड्याळं माझ्या काउंटरवर ठेवली.

मी मनातून वैतागलो. एकाच तक्रारीसाठी धुळ्याहून जळगावला त्यांची ही तिसरी खेप होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सेल बदलून देणारे गल्लोगल्ली झाले होते, पण चावीचं जुनं घड्याळ उघडायचं म्हटलं की लोक माझं दुकान शोधत यायचे. त्याचा मला थोडा ताठाही होता.

दोन घड्याळांपैकी एक खिशातलं, साखळीचं, शेठजींच्या पणजोबांचं. तबकडीवर एक पितळी लोहार ऐरणीपाशी उभा. वरची घुंडी दाबली की तो हातोडा हाणायचा आणि आत ठोका पडायचा. जितके वाजले तितके ठोके, मग वरच्या प्रत्येक पाव तासाचा एक जोडठोका. याला आम्ही रिपीटर म्हणतो. अंधारात वेळ कळावी म्हणून केलेली ही जुनी युक्ती. आणि अशी बाहुली हलत असेल तर त्या घड्याळाला ऑटोमॅटन म्हणतात.

दुसरं मनगटी. सोन्याचं, स्वित्झर्लंडचं, नवंकोरं. जुन्या घड्याळावरूनच बेतलेलं, लोहारही तसाच, फक्त तांदळाएवढा. घुंडीऐवजी कडेला एक खटका, तो ओढायचा.

भानगड अशी होती. प्रकाशशेठचे वडील, बाबूजी, कापसाचे जुने व्यापारी. काचबिंदूने नजर गेलेली. घर जैन, त्यामुळे सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात नाही. हिवाळ्यात त्यांची सून सुशीलाबाई सव्वापाचला ताट वाढायची. सकाळी पेढीवर वेळ सांगायला माणसं असत; खिशातलं घड्याळ बाबूजी वाजवत ते फक्त दुपारच्या झोपेनंतर. दोन, तीन, चार, सगळं बरोबर यायचं. ताट समोर आलं की मात्र घड्याळ सांगायचं, सव्वाचार. मग बाबूजी भडकायचे. सुनेला लवकर कामातून मोकळं व्हायचं असतं म्हणून म्हाताऱ्याला भर दुपारी जेवू घालते, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

सासऱ्याशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. बाई गुपचूप घड्याळ उचलायची, घुंडी दाबायची, पाच ठोके आणि एक जोडठोका ऐकवायची आणि ठेवून द्यायची. त्याने संशय आणखी वाढला. बाबूजी म्हणायचे, तिच्या हातात पाच आणि माझ्या हातात चार, म्हणजे हिनेच काहीतरी करून ठेवलंय.

हा तंटा मिटावा म्हणून प्रकाशशेठनी नवं घड्याळ मागवलं. तर यातला लोहार दुपारी इमानेइतबारे काम करायचा आणि संध्याकाळी बाबूजींनी खटका ओढला की ढिम्म. एक ठोकासुद्धा नाही. सुनेने ओढला की लगेच पाच.

गेले तीन आठवडे मी डोकं फोडत होतो. तेल बदललं. संध्याकाळच्या गारव्याने तेल घट्ट होत असेल म्हणून शेजारच्या लस्सीवाल्याच्या फ्रिजमध्ये ते सोन्याचं घड्याळ ठेवून पाहिलं. सकाळी वाजवलं, संध्याकाळी वाजवलं. लोहार एकदाही चुकला नाही. चुकत होतो तो मीच, पण ते तेव्हा कळायला हवं ना.

त्या दिवशी शेवटी बोलू नये ते बोललो. "शेठ, घड्याळात काही नाही. बाबूजींनाच कुणाला तरी दाखवा."

"सोमवारचं मुंबईचं तिकीट काढलंय," ते खाली बघत म्हणाले. "डोक्याच्या डॉक्टरकडे नेतोय. पेढीच्या किल्ल्याही आता काढून घ्या, असं घरचे म्हणतात. दोन दिवस झाले, ते संध्याकाळचं जेवले नाहीत. घड्याळ पाच सांगेल तेव्हाच जेवीन म्हणतात. समजूत काढेपर्यंत सूर्य बुडतो."

मला माझीच लाज वाटली. "उद्या येतो मी धुळ्याला," म्हटलं.

दुपारी एसटीने पोचलो. बाबूजी घरातल्याच पेढीच्या गादीवर ताठ बसले होते, शेजारी प्रकाशशेठ. एकेकाळी धुळ्याच्या बाजारात त्यांच्या अंगठ्याचं नाव होतं. चिमटीत कापूस ताणून नुसत्या स्पर्शाने ते धाग्याची लांबी सांगायचे, आणि शेतकरी ती मान्य करायचे. मी अमळनेरकडचा आहे म्हटल्यावर ते माझ्याशी अहिराणीत बोलू लागले.

"बठ्ठा म्हनतस मी येडा व्हई गऊ. तुले काय वाटस?"

सगळे त्यांना वेडा म्हणत होते, आणि त्या सगळ्यांत मीही होतो. "बाबूजी, घड्याळ वाजवा, मी बघतो," एवढंच म्हणालो.

अडीचला त्यांनी खटका ओढला. लोहाराने दोन ठोके मारले, मग दोन जोडठोके. बरोबर. सव्वाचारला चार ठोके, एक जोडठोका. तेही बरोबर. सव्वापाचला सुशीलाबाईंनी ताट आणून ठेवलं आणि त्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. बाबूजींनी खटका ओढला. लोहार गप्प. मी ओढला. पाच आणि एक.

"देख," बाबूजी म्हणाले. "तुन्हासाठे बोलस. मन्हासाठे नही."

आता माझंच डोकं फिरायची वेळ आली. खिडकीतलं ऊन पिवळं पडत चाललं होतं आणि ताट तसंच होतं. काहीतरी करायचं म्हणून मी काटे फिरवून दोनवर आणले आणि घड्याळ पुन्हा त्यांच्या हातात दिलं. "ओढा."

त्यांनी ओढला. लोहाराने दोन ठोके मारले. संध्याकाळी.

म्हणजे वेळेचा दोष नव्हता, आकड्याचा होता. पाचवर आणून दिलं, पुन्हा गप्प. तेव्हा मी पहिल्यांदा घड्याळावरची नजर काढून त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा सांध्याशी सुजलेला होता. खटका अर्ध्यावर गेला की तो थांबायचा.

रिपीटरचा खटका किती ओढावा लागेल, ते किती वाजले यावर ठरतं. एक वाजता जरासाच, बारा वाजता पार शेवटपर्यंत. बाबूजींच्या अंगठ्याची ताकद चारपर्यंतच पुरत होती. जुन्या घड्याळाची घुंडी कमी दाबली गेली तर ते कमी ठोके देतं, म्हणून पाच वाजले तरी ते चारच सांगायचं. नव्यात ऑल-ऑर-नथिंग नावाचा पुर्जा असतो. खटका पुरता ओढला तरच घड्याळ बोलतं, नाहीतर तोंड उघडत नाही. एक घड्याळ खोटं बोलत होतं, दुसरं गप्प बसत होतं आणि दोन्हींचं खापर सुनेच्या डोक्यावर.

मी काटे पुन्हा माझ्या घड्याळाशी जुळवले आणि हे सगळं सांगितलं. बाबूजी अंगठा चोळू लागले.

"दोन वरीस व्हई ग्यात, दुखस," ते म्हणाले. "कोनले सांगू? कापूसवालाना अंगठा गया म्हनतीन."

प्रकाशशेठ काही बोलणार होते, मी त्यांना खुणेने थांबवलं. बाबूजींनी मान दाराकडे वळवली. घरातली रीत मोडून ते सुनेशी थेट बोलले, आणि मलाही कळावं म्हणून की काय, घरच्या भाषेऐवजी मराठीत.

"बेटा, मी दोन वर्षं तुला खोटी म्हणत आलो. ये, तूच ओढ."

सुशीलाबाई पुढे आल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि खटका ओढला. बाबूजींनी बोटांवर मोजलं. पाच ठोके, दोन जोडठोके. साडेपाच. सूर्य अजून बाकी होता. त्यांनी ताट चाचपलं आणि पहिला घास घेतला. बाई आत निघून गेल्या. डोळे पुसायला गेल्या असाव्यात, कारण वाटी रिकामी झाली तरी वाढायला कुणी आलं नाही.

सोमवारचं तिकीट रद्द झालं नाही. डॉक्टर तेवढा बदलला, हाडांचा. किल्ल्या बाबूजींकडेच राहिल्या. संध्याकाळचा खटका मात्र सुनेकडे गेला.

आता कुणी बिघडलेलं घड्याळ आणलं की मी आधी म्हणतो, तुम्ही कसं चालवता ते दाखवा. निम्म्या वेळा घड्याळ उघडावंच लागत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे वाईटच. पण शहाण्या माणसाला वेड्यांच्या डॉक्टरकडे धाडण्यापेक्षा परवडतं.