धुऊन ठेवलेले व्हॉल्व्ह

घटस्थापनेच्या आधी घरातलं किडूकमिडूकसुद्धा धुऊन काढायचं, हा आपल्याकडचा नेम. गोधड्या झाल्या, डबे झाले, फळीवरची पितळी भांडी झाली, आणि मग भिंगारच्या पालव्यांच्या सुनेची, मोनिकाची नजर सासऱ्याच्या, गहिनीनाथच्या खोक्यांवर गेली. बिचारीनं साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि एकशेचाळीस व्हॉल्व्ह एका दुपारात लखलखीत पुसून काढले.

गहिनीनाथ बाजारातून आला, ते बघितलं आणि एकेक काच उजेडाला धरू लागला. एकाही काचेवर नंबर राहिला नव्हता.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत नि भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये पेटणारी काचेची नळी. तिच्यावरचा छाप इतका कच्चा, की ओलं बोट लागलं तरी जातो. आणि नंबर गेला की व्हॉल्व्ह मेला, असं गहिनीनाथचं मत. त्याचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ‘सिक्स एल सिक्स’ आणि ‘सिक्स व्ही सिक्स’ या दोघांचे पाय सारखे, बसायची जागाही एकच. पण पहिला दांडगा, दुसरा नाजूक. दांडग्याच्या जागी नाजूक बसवला तर तो लालबुंद होतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. “बसतो म्हणून चालतो, आसं न्हाई,” हे तो पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. ऐकून ऐकून गिऱ्हाइकं विटली, पण हा काही विटला नाही.

हे शहाणपण मात्र त्याला महागात पडलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी रेडिओ-भोंगे दुरुस्तीच्या दुकानात दोघे भाऊ बसायचे, गहिनीनाथ आणि धाकटा बजरंग. एका लग्नाच्या मशीनला, म्हणजे भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला, बजरंगनं नव्या डब्यातले दोन व्हॉल्व्ह बसवले, आणि ऐन मंगलाष्टकांत मशीन धूर ओकून जळालं. गहिनीनाथनं भर मांडवात भावाच्या थोबाडीत मारली. नंबर न बघता बसवलेस म्हणाला, दुकानाची पायरी चढू नकोस म्हणाला. बजरंग खरंच चढला नाही. त्यानं सुप्याला जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान टाकलं. आईच्या दहाव्यालासुद्धा दोघे दोन टोकांना बसले. तेव्हापासून व्हॉल्व्हला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही आणि नंबर तीनदा वाचल्याशिवाय बसवायचा नाही, असा गहिनीनाथचा दंडक. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलंच हे.

आणि आता वाचायला नंबरच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी राजूरचा कल्याण भोंगेवाला यायचा होता. त्याच्या मशीनला दोन ‘सिक्स एल सिक्स’ हवे होते, आणि चुकीची जोडी गेली तर त्याचंही मशीन गेलं.

“काय केलंस पोरी तू! आरं देवा, काय केलंस!”

मोनिका आधी घाबरली. मग हळूच म्हणाली, “मामा, मिसळले नाहीत मी. आत बघून बघून वेगळे लावलेत.”

मोनिका सुप्याच्या कंपनीत कामाला. दिवसभर सारखे दिसणारे हजार पार्ट डोळ्यांसमोरून जातात आणि त्यातला वेगळा तिनं बाजूला काढायचा. इथंही सवयीनं तिनं व्हॉल्व्ह पोटातल्या पत्र्यावरून लावले होते. एकेका जातीला एकेक ताट. गहिनीनाथ आधी कुत्सित हसला. मग भिंग घेऊन एक ताट बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. एकही चुकला नव्हता! अर्धं आयुष्य ज्यात गेलं ते पोरीनं धुणं वाळत घालता घालता केलं होतं.

“फक्त हे दोन,” ती म्हणाली. “लाल दोऱ्यात बांधलेले. काच त्या मोठ्यांच्या ताटातल्या काहींएवढीच आहे, पण आतला पत्रा आखूड. हे नाजूकांचे भाऊ आहेत.”

गहिनीनाथला ते दोन व्हॉल्व्ह चांगले माहीत होते. बजरंगनं बसवले तो डबा चारांचा होता. दोन जळाले, हे दोन उरले. डब्यात दोन भलत्या नंबरचे आले नि बजरंगनं ते वाचले नाहीत, असंच त्यानं धरलं होतं. अपशकुनी म्हणून वापरले नाहीत आणि टाकवतही नव्हते.

“न्हाई. हे सिक्स एल सिक्स हायेत. मी सोता वाचलंय.”

“मग छापणाऱ्यानंच चुकीचं छापलं असेल, मामा.”

त्यानं मीटर काढलं. एकेक व्हॉल्व्ह पेटवून बघितला. दांडगा जेवढा करंट ओढतो, त्याच्या बरोबर निम्म्यावर काटा थांबला. दुसऱ्यालाही तसाच. अंगावर नंबर ठसठशीत छापलेला असताना पोटात कोण डोकावतं? तो कधी डोकावला नव्हता.

त्यानं कल्याणला फोन करून “परवा या” सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोनिका कामाला निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर सुप्याच्या गाडीत बसला. लाल दोऱ्यातले ते दोन व्हॉल्व्ह त्यानं खिशात घातले होते.

बजरंग दुकानात तांब्याची तार गुंडाळत होता. मिशा पांढऱ्या झालेल्या. भावाला दारात बघून त्याचा हात थांबला.

“बजरंग, चूक तुजी नव्हती रं,” गहिनीनाथ उभ्या उभ्याच म्हणाला. “नंबरच खोटा हुता. काल कळलं मला.”

बजरंगनं व्हॉल्व्ह घेतला, उजेडाला धरला आणि परत दिला.

“मला ठावं हाय, दादा.”

“ठावं हाय? कवापासनं?”

“त्याच दिवसापासनं. जळलेला काढला तवाच बघितलं, पत्रा आखूड. तुला सांगितलं की मांडवातच.”

“मला न्हाई सांगितलंस.”

“सांगितलं, दादा. तू म्हनालास, कंपनी खोटं छापीत न्हाई, तूच खोटा. आन् मग हात उचललास.”

बजरंगनं स्टूल पुढं सरकवलं. गहिनीनाथला बसवेना. ती थप्पड त्याला इतकी वर्षं रोज आठवायची. तिच्या आधी भाऊ काही सांगत होता, हे आज पहिल्यांदा आठवलं.