बाबांचं स्पष्टीकरण

आमच्या घरात अक्षराचं फार कौतुक. बाबा सरकारी कारखान्यात हेडक्लार्क होते आणि हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यात अर्ध्या गल्लीचे अर्ज त्यांच्याच हातचे. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, की माणूस आमच्या दारात हजर. बाबांचा एक सिद्धांत होता. साहेबाने जाब विचारला तर वाद घालायचा नाही. स्पष्टीकरण लिहायचं, चूक आपल्या अंगावर घ्यायची, शेवटी माफी मागायची. फाइल बंद होते आणि नोकरी राहते. सगळी नोकरी त्यांनी यावर निभावली. ती सरकारी नोकरी होती म्हणून निभावली, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही.

मी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका खाजगी कारखान्यात होते. एम.कॉम. असून पंचिंग मशीनवर, कारण ऑफिसात जागा नव्हती. पुठ्ठा आत सरकवायचा, मग साचा दाणकन त्यावर येऊन त्याला कापतो. हात आत जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असायला हवी. मी कामाला लागले तेव्हापासून ती नव्हती. एका दुपारी पुठ्ठा अडकला, तो काढायला मी हात घातला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी मालक सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकू येत होतं. "बाबूजी, बस इतना लिख दीजिए कि जाली दीदी ने खुद हटाई थी. फैक्टरी इन्स्पेक्टर का मामला निपट जाएगा. नौकरी इनकी पक्की, बैठने का काम दे देंगे."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, जाळी तर नव्हतीच. काहून खोटं लिहून राहिले?"

"बेटा, असे किती कागद लिहिले मी. चूक मानून घेतली की समोरचा नरमतो. चलो, तू पडून राह."

कॉटच्या कडेला बसून त्यांनी लिहिलं. मी ते वाचलं, आणि अजूनही लाज वाटते, पण आधी मनात आलं ते हेच की अक्षर किती सुरेख आहे. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा लावला. एम.कॉम. झालेली बाई, आणि अंगठा.

नोकरी अर्थातच राहिली नाही. दोन महिन्यांनी गेले तर चौकीदाराने गेटच्या आत घेतलं नाही. मग मी वकील गाठली. तिने पहिल्याच भेटीत समजावलं की कामावर इजा झाली तर भरपाई हा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नाही. कामगाराचा निष्काळजीपणा असला तरी मिळते. पण तो दारू प्यायलेला असेल, किंवा सुरक्षेचं साधन त्याने मुद्दाम काढलं असेल, तर मालकाला सुटायला वाट मिळते. एवढं सांगून तिने विचारलं, कुठे काही लिहून तर दिलं नाहीत ना?

दावा कामगार न्यायालयात लागला आणि मालकाने तोच कागद पुढे केला. सोबतच्या बायका साक्षीला यायला तयार नव्हत्या. त्यांच्या नोकऱ्या होत्या, त्यांना काय बोलणार. उरले बाबा. जाळी नव्हती, मालकाने सांगितलं म्हणून मी खोटं लिहिलं, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "सांगतो ना," म्हणाले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

उलटतपासणी घेणारा मालकाचा वकील हुशार होता. त्याने कागद अदबीने बाबांच्या हातात दिला.

"बाबूजी, लिखावट आपकी है?"

"जी."

"बहुत सुंदर है." बाबा चक्क हसले. वकील पुढे म्हणाला, "इतने साल सरकारी नौकरी की. कभी झूठा कागज लिखा?"

बाबांची मान ताठ झाली. "कभी नहीं."

"तो ये भी सच है?"

बाबांनी कागदाची घडी अंगठ्याने सपाट केली. मग म्हणाले, "जी."

मी मागच्या बाकावर होते. भर कोर्टात उठून ओरडावंसं वाटलं. माझ्या तीन बोटांपेक्षा त्यांना त्या चार ओळींची अब्रू मोठी वाटली.

निकाल विरुद्ध गेला. अपिलाला साठ दिवस असतात. वकीलबाईने सगळी हकीकत पहिल्यापासून लिहून मागितली. मी डाव्या हाताने लिहायला बसले. चार दिवस लागले. पहिलंच वाक्य लिहिलं, मशीनवर जाळी कधीच नव्हती.

बाबांनी टेबलावरून ते कागद उचलले, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचले. आता तरी त्या वाक्याबद्दल काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी कागद सारखे केले आणि खिशातून पेन काढलं.

"ओळी तिरप्या होऊन राहिल्या, बेटा," म्हणाले. "कोरे कागद आण, मी लिहून देतो."