केपलरची आई

जळकोटजवळच्या त्या गावात गोदावरीबाईंच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, केपलर म्हणजे घरचाच माणूस. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि चारशे वर्षांपूर्वीच्या या जर्मन ज्योतिर्विदावर त्यांचा भारी जीव. ग्रहांची वाट गोल नाही, लंबगोल आहे, हे सांगायला त्या लाकडी फळ्यावर दोन खिळे ठोकत, सुतळी अडकवत आणि खडू फिरवत. फळ्याला भोकं पडली म्हणून हेडमास्तर करवादले, तर म्हणाल्या, "फळा नवा आणता येतो, सर."

पोरं मात्र महावस्ताद. नियम विसरायची आणि केपलरच्या आईची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवायची. त्या माउलीनं लहानग्या केपलरला हाताला धरून उंचावर नेलं आणि शेंडेनक्षत्र दाखवलं. म्हातारपणी ती झाडपाल्याची औषधं द्यायची. तिच्या काढ्यानं आजारी पडले, असा एका बाईनं कांगावा केला आणि चेटकीण ठरवून म्हातारीला साखळदंडात घातलं.

यंदा तीच गोष्ट गावात घडली. हणमंतरावांची बायको मधूनच किंचाळू लागली, बेशुद्ध पडू लागली. त्याआधी तिनं शेजारच्या गुणाबाईकडून खोकल्याचा काढा नेला होता. झालं! गुणाबाईनं भानामती केली, असं ठरलं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. म्हातारीनं गाव सोडावं म्हणाले. तिचा मुलगा बालाजी मान खाली घालून पुटपुटला, "उद्या निलंग्याला बहिणीकडं सोडून येतो."

एवढ्यात काठी टेकत गोदावरीबाई आल्या. निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार. बायका त्या पारावर चढत नाहीत, बाई चढल्या. अशा छळाविरुद्ध कायदा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण पोराच्या मनातली भीती पोलीस कसे काढणार? त्यांनी नुसतं विचारलं, "बालाजी, उभा राहा. आईला धरलं तेव्हा केपलरनं काय केलं?"

चाळिशीचा बालाजी सवयीनं हाताची घडी घालून उभा राहिला.

"बाई, त्यो हातातलं काम टाकून गेला. लई लोकांनी भ्या दाखवलं, तुझीबी इज्जत जाईल म्हणाले. त्यानं ऐकलं न्हाई. एकेका आरोपाला लिहून जवाब दिला. वर्षं गेली, पर आईला..." त्यानं मान वर केली. "आईला सोडवलं, बाई."

"मग?"

बालाजीनं हाताची घडी सोडली.

"हणमंतराव, तुमच्या मालकिणीला लातूरला डाक्टरकडं नेऊ, गाडी माझी घ्या. पर मही माय कुठंबी जायची न्हाई."

हणमंतरावांनी मान डोलावली आणि बैठक उठली. काय ती बाई आणि काय तिचं शिकवणं!

घरी गुणाबाई गाठोडं बांधून उंबऱ्याशी बसली होती. बालाजीनं खाली बसून त्याची गाठ सोडली. मग मागून आलेल्या बाईंकडे बघत ओशाळून म्हणाला, "ते नियम मातर एकबी याद न्हाई, बाई."

"राहू दे रे," म्हणत बाई गुणाबाईला टेकून बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "गुणाबाई, गुडघे लई दुखायलेत. काढा द्या बरं वाटीभर."